विजेवरची धावाधाव

शर्यत या प्रकाराशी माझा संबंध शाळेतल्या लिंबू-चमच्यापाशी संपला, असा आमच्या घरी सर्वांचा समज आहे. त्या शर्यतीत माझं लिंबू पहिल्या तीन पावलांत पडलं, आणि ते उचलायला मी वाकलो तेव्हा मागून येणाऱ्या दोघांना पाडलं. त्यानंतर मास्तरांनी मला कायमचं टाळ्या वाजवणाऱ्यांत बसवलं.

पण हा समज खरा नाही. १९७४ ते २००८ अशी चौतीस वर्षं मी दिवसातून दोनदा, रविवार आणि सणवार सोडून, विजेवर चालणाऱ्या एका शर्यतीत उतरत होतो. सकाळी वसई रोड ते चर्चगेट, संध्याकाळी चर्चगेट ते वसई रोड. एका बाजूचं अंतर ५२ किलोमीटर. निवृत्त झाल्यावर माणसाला जे अनेक निरुपयोगी हिशेब सुचतात, त्यात मी हाही केला. वर्षाचे २८० दिवस धरले तर चौतीस वर्षांत ९ लाख ९० हजार किलोमीटर झाले. चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे मी चंद्रावर जाऊन, परत येऊन, पुन्हा निम्म्याहून जास्त वाट चाललो होतो. आणि एवढं करून पोहोचलो कुठे, तर फोर्टातल्या त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीत, आणि तेही दहा मिनिटं उशिरा.

तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादहून भाच्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "मामा, विजेच्या गाड्यांची रेस बघायला या," तेव्हा मी फारसा हललो नाही.

"आयुष्यभर दुसरं काय बघितलं रे?"

"तशी नाही हो मामा! फॉर्म्युला ई. मोटारी. सगळ्या बॅटरीवरच्या. भारतात पहिल्यांदाच येतेय. आणि मैदानात नाही, शहराच्या रस्त्यावर!"

"शहराच्या रस्त्यावर शर्यत बघायला हैदराबाद कशाला? संध्याकाळी सातला आमच्या अंबाडी रोडला ये. तिकीटही लागत नाही."

पण आमच्या सौभाग्यवतींनी आतून सांगितलं, "जाऊन या हो. गुडघे ऐकताहेत तोवर जाऊन या." त्यांना चार दिवस घर मोकळं हवं होतं की माझ्या गुडघ्यांची खरंच काळजी होती, हे मी विचारलं नाही. संसारात काही प्रश्न न विचारण्यातच शहाणपण असतं.

कुठंही जायचं म्हटलं की आधी त्याचा इतिहास वाचायचा, अशी मला खोड आहे. या खोडीमुळे माझं बऱ्याच ठिकाणी जाणं राहून गेलं, पण वाचन मात्र झालं. विजेच्या मोटारींच्या शर्यती ही आजकालची टूम असावी, असं मला वाटत होतं. वाचायला बसलो आणि थक्क झालो. विजेची मोटार ही नवी सून नसून माहेरी जाऊन शंभर वर्षांनी परत आलेली थोरली सून निघाली!

१८९५ साली फ्रान्समध्ये पॅरिसहून बोर्दो आणि परत पॅरिस अशी सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत झाली. घोडागाड्या बनवणाऱ्या शार्ल झांतो नावाच्या गृहस्थांनी तीत विजेची गाडी उतरवली. बॅटरी मध्येच संपणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून वाटेत ठिकठिकाणी भरलेल्या बॅटऱ्या आधीच नेऊन ठेवल्या होत्या. म्हणजे आपल्या डबेवाल्यांसारखी सोय. डबे वेळेवर पोहोचले, पण खाणाराच वाटेत बसला! ती गाडी काही शर्यत पुरी करू शकली नाही. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर मोटारी पळवल्या, आणि तिथं मात्र रायकर यांची विजेची गाडी पेट्रोलवाल्यांना मागे टाकून पहिली आली. लांब पल्ल्याला हरणारी वीज जवळच्या पल्ल्याला जिंकली.

मग सुरू झाली दोघांची चुरस. एक फ्रेंच काउंट शासलू-लोबा आणि दुसरा बेल्जियमचा लाल दाढीवाला कामीय झेनात्सी. १८ डिसेंबर १८९८ रोजी काउंटसाहेबांनी झांतोच्याच विजेच्या गाडीतून पॅरिसजवळच्या आशेर इथं ताशी ६३ किलोमीटरचा विक्रम केला. झेनात्सीनं महिन्याभरात ताशी ६६ केले. त्याच दिवशी काउंटनं ७० केले. मग याचे ८०, त्याचे ९२. आमच्या गल्लीत दोन बिऱ्हाडांनी एकमेकांच्या नाकावर टिच्चून मोठमोठे टीव्ही आणले होते, त्याची आठवण झाली. शेवटी २९ एप्रिल १८९९ रोजी झेनात्सी बंदुकीच्या गोळीसारख्या आकाराच्या विजेच्या गाडीत बसला आणि ताशी १०५.८८ किलोमीटरनं गेला. रस्त्यावरच्या मोटारीनं शंभरी ओलांडली ती पेट्रोलवर नव्हे, विजेवर! त्या गाडीचं नाव 'ला जामे कॉन्तांत', म्हणजे 'कधीच समाधान नसलेली'. आमच्या हपिसातले एक साहेब मला चटकन आठवले.

या झेनात्सीचा शेवट मोठा चमत्कारिक झाला. १९१३ साली मित्रांबरोबर शिकारीला गेला असता गंमत म्हणून झुडपामागून रानडुकराचा आवाज काढू लागला, आणि एका मित्रानं ते खरंच समजून गोळी झाडली, असं सांगतात. आवाज न करणाऱ्या गाडीनं ज्याला नाव दिलं, त्याला आवाज केल्यानं मरण आलं.

आणि विजेची मोटार? १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी बनल्या, त्यांपैकी १,५७५ विजेच्या होत्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. बाकीच्या वाफेच्या. अशी घरची मालकीण असलेली ही गाडी पुढच्या पंधरा-वीस वर्षांत घराबाहेर पडली. कारण एकच, डबा! पेट्रोलवाला कुठंही चार डबे भरून घेई आणि पुढे जाई. विजेच्या गाडीला आपलं जेवण जड बॅटऱ्यांच्या रूपानं स्वतःच वाहून न्यावं लागे, आणि संपलं की तासन् तास स्वयंपाक. पेट्रोलच्या गाडीत एकच त्रास होता. ती सुरू करायला पुढे उभं राहून लोखंडी हँडल फिरवावं लागे, आणि ते उलटं फिरलं की मनगट जाई. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगनं तयार केलेला सेल्फ-स्टार्टर बसवला, आणि तोही त्रास गेला. हा सेल्फ-स्टार्टर म्हणजे काय, तर एक लहानशी विजेची मोटर! विजेच्या गाडीला घराबाहेर काढलं ते विजेनंच. घरभेदीपणाचं याहून सुबक उदाहरण मला ठाऊक नाही.

इथवर वाचल्यावर मला आमच्या लोकलचं मोठेपण प्रथमच कळलं. आगगाडीवाल्यांनी हा डब्याचा प्रश्न किती सरळ सोडवला! डबा बरोबर न्यायचाच नाही. डोक्यावरून तार न्यायची आणि पळता पळता जेवायचं. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली. आमच्या बाजूला ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली वीज आली. बोरिवलीच्या पुढे मात्र वाफच. वास्तविक विरारहून मुंबईच्या बॅकबे स्टेशनापर्यंत रोजची गाडी सुरू झाली ती १२ एप्रिल १८६७ ला, म्हणजे आम्ही जुने मानकरी. पण विरारपर्यंत तार यायला १९३६ साल उजाडलं. वाट पाहण्याचा जो गुण आम्हा वसईकरांच्या अंगी आहे, तो त्या आठ वर्षांत आला असावा.

त्या तारेनं वसई बदलली. तोवर इथून मुंबईला जात होती ती केळी, भाजी, फुलं आणि विड्याची पानं. आता त्यांच्याबरोबर माणसंही जाऊ लागली. पानांना निदान टोपलीत नीट रचून नेत, ओला फडका टाकत. आमच्या बाबतीत तेवढं कुणाला सुचलं नाही.

आमच्या डब्यात एक गृहस्थ होते. त्यांना आम्ही सगळे 'टाइमटेबल' म्हणत असू. कुठली गाडी कुठं थांबते, कुठली अंधेरीनंतर रिकामी होते, सगळं तोंडपाठ. माणूस अत्यंत शांत. कधी पळायचे नाहीत. पुलावरून सावकाश उतरायचे आणि गाडी डोळ्यांदेखत निघून गेली तर घड्याळ पाहून म्हणायचे, "जाऊ दे. नऊ मिनिटांनी दुसरी आहे." आम्ही त्यांची थट्टा करायचो. नऊ मिनिटांत माणूस काय काय गमावतो, यावर मी एकदा नायगाव ते भाईंदर, म्हणजे खाडीवरचे पूल संपेपर्यंत, भाषण केलं होतं.

१९८९ च्या जूनमध्ये एका सकाळी, पाऊस नुकता थांबला असताना, मी दारात उभा होतो. गाडी हलली. फलाटावर टाइमटेबल दिसले. त्या दिवशी त्यांच्या हपिसात साहेबांनी लवकर बोलावलं होतं, आणि ते पळत होते! आम्हाला काय आनंद झाला! डब्यातून आरोळी उठली. मी बाहेर वाकलो, हात पुढे केला आणि ओरडलो, "या, या, येतंय! धरा!" त्यांनी हात धरला. चपलेचा तळ ओला होता. पुढचं मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही, आणि इथंही फारसं सांगत नाही. ते वाचले. उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

मागची गाडी नऊ मिनिटांनी आली, आणि वेळेवर आली.

आठ महिन्यांनी ते जयपूर फूट लावून पुन्हा आमच्या डब्यात आले. लोकांनी खिडकीची जागा दिली. "कसे आहात?" "बरा आहे." "गर्दी काय आहे आज!" "सोमवार ना." एवढंच आम्ही बोललो, आणि पुढे वर्षानुवर्षं तेवढंच बोलत राहिलो. मी मात्र दारात उभं राहणं सोडलं.

असो. तर हैदराबाद.

मुंबईहून हैदराबादला जाणाऱ्या गाडीचं नावही हुसेनसागर एक्स्प्रेस आणि शर्यतही हुसेनसागर तलावाच्या काठी, तेव्हा आपण थेट ट्रॅकवरच उतरणार असं मला वाटत होतं. शनिवार, ११ फेब्रुवारी २०२३. तलावाकाठचे नेहमीचेच रस्ते, सचिवालयाशेजारचे, पण दोन्ही बाजूंनी काँक्रीटचे ठोकळे आणि जाळ्या लावून २.८३ किलोमीटरचा बंद मार्ग केलेला. आदल्या दिवशी सरावाच्या आधी शहरातल्या काही खाजगी गाड्या थेट या मार्गावर घुसल्या होत्या, ही बातमी ऐकून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे रस्ता दिसला की माणूस गाडी घालतो. वसईत काय आणि हैदराबादेत काय.

शर्यत सुरू झाली आणि मी कान लावून बसलो. मोटारींची शर्यत म्हणजे कानठळ्या, असं सिनेमात पाहिलेलं. इथं नुसता सूंऽऽ असा आवाज. डॉक्टरांच्या दातकोरणीसारखा, जरा लांबून. ताशी तीनशेवीस किलोमीटरपर्यंत पळण्याची ऐपत असलेल्या गाड्या आमच्या समोरून अशा जात होत्या की शेजारचा माणूस शेंगा सोलतोय हे ऐकू येत होतं.

भाचा समजावत होता. "मामा, ह्यात नुसतं जोरात पळून भागत नाही. सगळ्यांना वीज मोजून दिलेली. जो सुरुवातीला उधळेल तो शेवटी ढकलत नेईल."

"म्हणजे पगार," मी म्हटलं.

"अगदी! आणि ब्रेक लावला की मोटर उलटं काम करते, वीज परत बॅटरीत येते. शर्यतीत वापरतात त्यातली चाळीस टक्के वीज अशी ब्रेकमधून कमावलेली असते."

हेही मला नवं नव्हतं. आमच्या मार्गावर २०१२ पर्यंत जुनी डीसी वीज जाऊन २५,००० व्होल्टची एसी आली, आणि नव्या लोकल गाड्याही थांबताना वीज तारेला परत देतात. थांबण्यातूनही काही मिळतं, ही गोष्ट रेल्वेच्या डब्याला कळली. डब्यातल्या आम्हाला कळायला वेळ लागला.

भाच्यानं मग पूर्वपीठिका सांगितली. ही शर्यतमालिका सुरू झाली बीजिंगला, १३ सप्टेंबर २०१४ रोजी. आपल्या महिंद्रांचा संघ पहिल्या दिवसापासून त्यात आहे. त्या पहिल्या शर्यतीत करुण चंढोक महिंद्राच्या गाडीत पाचवा आला. सुरुवातीची चार वर्षं बॅटरी शर्यतभर पुरतच नसे, म्हणून प्रत्येकाला दोन गाड्या. अर्ध्यात थांबायचं, पहिलीतून उडी मारून दुसरीत बसायचं आणि निघायचं. हे ऐकून मी इतका मोठ्यानं हसलो की शेंगावाल्यानं वळून पाहिलं. दादरला स्लो सोडून फास्ट पकडणारा माझा हजारदा केलेला पराक्रम हे लोक हेल्मेट घालून करत होते! २०१८ च्या अखेरीस नवी गाडी आली, तिला एकच डबा पुरू लागला, आणि ही धावाधाव संपली.

"आणि त्या पहिल्या शर्यतीत काय झालं माहितेय?" भाचा म्हणाला. "शेवटच्या वळणावर पहिल्या दोघांची टक्कर. हाइडफेल्डची गाडी हवेत उडून उलटी पडली. तिसरा होता डी ग्रासी, तो जिंकला."

"आणि तो उलटा पडलेला?"

"काही नाही झालं. चालत बाहेर आला."

का कोण जाणे, पण एवढं ऐकल्यावर मला समोरच्या शर्यतीतलं काही दिसेना. मी त्या रस्त्याकडे पाहत बसलो. वळणावळणाला झेंडे घेऊन माणसं उभी होती. एखादी गाडी अडकली की पिवळा झेंडा, सगळे मंद. फारच झालं तर एक साधी मोटार पुढे येते आणि ताशी तीनशेच्या ऐपतीचे ते वीर तिच्या मागे शहाण्या मुलांसारखे रांगेत चालू लागतात. कुणी हाताला धरून "या, या, येतंय" असं ओरडत नाही.

जिंकला जाँ-एरिक व्हर्न नावाचा फ्रेंच. निक कॅसिडी शेवटपर्यंत त्याच्या मागे चिकटून होता. फरक, चार दशांश सेकंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, त्या कामाचा मला शाळेपासून अनुभव आहे. पुढच्या फेब्रुवारीत तिथं पुन्हा शर्यत व्हायची होती, पण मध्ये राज्यात सरकार बदललं आणि जानेवारी २०२४ मध्ये ती रद्द झाली. रस्ते पुन्हा नेहमीच्या वाहतुकीच्या ताब्यात. शर्यत आली आणि गेली, १९३६ ची तार मात्र अजून आमच्या डोक्यावर आहे.

परत आल्यावर चार दिवसांनी मी टाइमटेबलांकडे गेलो. ते आता पारनाक्याच्या पलीकडे राहतात, आणि त्यांच्याकडे मागे दोन जादा चाकं लावलेली विजेची स्कूटर आहे. २५० वॉटची, ताशी पंचवीसच्या वर न जाणारी, लायसन्स न लागणारी. संध्याकाळी ते तिच्यावरून किल्ल्यापर्यंत जातात. मी शेजारून सायकल मारत निघालो. विजेच्या गाडीशी रस्त्यावर शर्यत लावण्याची ही माझी निवृत्तीनंतरची पहिलीच खेप, आणि मी सुरुवातीपासून मागे होतो.

किल्ल्यात चिमाजीअप्पांच्या पुतळ्यापाशी थांबलो. हा किल्ला घ्यायला मराठ्यांना मोहीम सुरू झाल्यापासून दोन वर्षं लागली, १७३७ ते १७३९. तिथं सावलीला बसून मी त्यांना सगळी शर्यत सांगितली. झांतोचे डबे, झेनात्सीचं डुक्कर, दोन-दोन गाड्या, सगळं.

"फरक किती पडला म्हणालात?"

"चार दशांश सेकंद."

ते बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, "वाचलेल्या वेळाचं त्यानं काय केलं?"

मी हसलो, आणि हसता हसताच माझ्या तोंडून गेलं, "त्या दिवशी मी हात पुढे करायला नको होता."

चौतीस वर्षं झाली होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, सवयीनं.

"तुम्ही दिला नसतात तर दुसऱ्या कुणाचा धरला असता," ते म्हणाले. "पळत मी होतो. आणि अहो, दुसऱ्या कुणी इतका घट्ट धरला नसता. डॉक्टर म्हणाले होते, वर कुणी ओढून धरलं म्हणून एका पायावर भागलं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. आम्ही गर्दी आणि सोमवार यांवर इतकी वर्षं बोललो होतो, त्यात हे राहून गेलं होतं.

अंधार पडू लागला. त्यांनी स्कूटर सुरू केली. सुरू केली म्हणजे काय, आवाज नाहीच, एक हिरवा दिवा लागला. बॅटरीच्या चार काड्यांपैकी दोन उरल्या होत्या.

"पोहोचाल ना घरापर्यंत?" मी विचारलं.

"सावकाश गेलं की पुरते," ते म्हणाले. "तुम्ही पुढे व्हा. मी येतोच मागून."

मी पुढे झालो नाही.